बत्तीस तासांचा रोडगा

हिवरवाडीत पाळण्यातलं नाव रेशनकार्डापुरतं असतं. बाकी सगळ्या कामाला गाव आपल्या मनानं दुसरं नाव ठेवतं. त्रिंबकला ठेवलेलं नाव होतं काचभांडे. केजच्या कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, एकतीस वर्षं त्यानं काचेची भांडी धुतली, पुसली आणि कपाटात लावली, म्हणून. हे नाव इतकं मुरलं की एका लग्नपत्रिकेत 'श्री. त्रिंबकराव काचभांडे' असं प्रेषकांमध्ये छापूनही आलं. दुसरा कुणी असता तर भांडायला गेला असता. त्रिंबक लग्नाला गेला, पोटभर जेवला आणि ती पत्रिका घरी आणून जपून ठेवली. मागची बाजू कोरी होती, कागद जाड होता, लिहायला बरा, असं म्हणाला. अशा माणसाला चिडवून काही मजा नाही, म्हणून गाव जरा नाराजच असायचं.

माणूस काडीसारखा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि मनगटावर घड्याळ, तेही आतल्या बाजूला वळवलेलं. निवृत्त होऊन गावी आला तरी घड्याळाचा नाद सुटला नाही. चहा कपात ओतला की आधी घड्याळ बघायचा. बरोबर सहा मिनिटं थांबायचा, मग पहिला घोट. थंडीत चार मिनिटं. पितळेच्या पेल्यात किती आणि चिनीमातीच्या कपात किती, हेही त्याच्याकडे लिहिलेलं होतं.

"लोकं चहा पितेत," सुभद्राबाई म्हणायच्या, "आमच्याकडं चहा परीक्षेला बसतो."

सुभद्राबाई म्हणजे त्याची बायको. त्याच्या दुप्पट रुंद आणि चौपट आवाजाची. या दोघांचा संसार कसा टिकला हे कोडं गावानं पुष्कळ दिवस चघळलं. उत्तर सोपं होतं. ती बोलायची आणि तो वेळ मोजायचा. शिवाय तिच्या हाताला चव होती. भाकरी थापायला बसली की शेजारणी काहीतरी उसनं मागायचं निमित्त काढून यायच्या आणि नुसत्या बघत उभ्या राहायच्या. आणि गावात एक काम असं होतं की ते या हाताशिवाय होतच नव्हतं.

युसूफवडगावकडून येणाऱ्या जीपमधून उतरलं की समोरच मारुतीचं देऊळ लागतं. हनुमान जयंतीला तिथं रोडगा होतो. तसे रोडगे घरोघरी होतात. जाडसर पिठाचे मुठीएवढे गोळे, गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. फोडायचे, कुस्करायचे, वर वरण आणि तूप. देवाचा मात्र एकच आणि मोठा. अकरा किलो पिठाचा, फूटभर रुंद. पळसाच्या पानांत आणि ओल्या मांजरपाटाच्या कापडात गुंडाळायचा, सकाळी आठला देवळामागच्या खड्ड्यात निखाऱ्यात पुरायचा, दुपारी चारला काढायचा. हे आठ तास कुणी ठरवले कुणालाच ठाऊक नाही. मारुतीनंच ठरवले असतील.

यात दोन गोष्टी बाईमाणसाच्या. पीठ मळताना पहिली मूठ एका ठरलेल्या बाईची, आणि गुंडाळण्याआधी गोळ्यावर उजव्या हाताचा पंजा उमटवायचा तोही तिचाच. रोडगा फोडला की अगदी मधला गाभा त्या बाईच्या हातावर ठेवतात. तिनं खाल्ला की मग बाकी गावाला प्रसाद. बावीस वर्षं हा पंजा सुभद्राबाईंचा होता.

मग गेल्या वर्षी विठ्ठलरावांना पेपर दिसला.

विठ्ठलराव म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. माजी होऊन अकरा वर्षं झाली, पण आवाज अजून आजीच होता. शेजारच्या गावानं एक्कावन्न किलोचा रोडगा केला आणि त्याचा फोटो छापून आला. विठ्ठलरावांना दोन दिवस जेवण गेलं नाही; हे त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनीच विहिरीवर सांगितलं, नाहीतर गावाला कळायचं कसं. तिसऱ्या दिवशी ते देवळात येऊन म्हणाले, "आपला काय रोडगा हाय का टमाटा? औंदा नव्वद किलो."

नव्वद किलोचा गोळा दोन फूट रुंद भरला. सहा जणांनी पहारी लावून तो खड्ड्यात ढकलला. आता ठेवायचा किती वेळ? राधाकिशनला विचारलं. त्या खड्ड्याला गवऱ्या लावायचा मान राधाकिशनच्या घरात तीन पिढ्यांचा. त्यानं मिशीवरून हात फिरवला. "रुंदी दुप्पट, तर वेळ दुप्पट. सोळा तास." इतकं सोपं गणित. कुणी नाही म्हणावं?

सोळा तासांनी रोडगा निघाला तो वरून खापरासारखा खरपूस. चारशे माणसं ताटं घेऊन बसलेली. ऊस तोडायच्या कोयत्यानं फोडला, आणि आत चार बोटं गेल्यावर पांढरं, ओलं, चिकट पीठ लागलं. मळून ठेवलं होतं तसंच. पण रीत ती रीत. पुजाऱ्यानं तो कच्चा गाभा सुभद्राबाईंच्या हातावर ठेवला. खाताही येईना, टाकताही येईना. चारशे माणसं बघत होती. बाईंनी तो पदरात बांधला आणि खाली मान घालून घरी गेल्या. रोडगा म्हशींना घातला. म्हशींनी काही तक्रार केली नाही. माणसांनी केली.

"माझ्या आगीत खोट न्हाई," राधाकिशन पारावर म्हणाला. "मळणाऱ्या हाताचं काय ते बघा."

बस्स. तोंडातून निघालं आणि गावभर झालं. सुभद्राबाईचा हात उतरला. आधी देवळाच्या पायरीवर, मग पाणवठ्यावर, मग लग्नाघरी. मांडवाच्या दिवशी पुरण घालायला ज्या बाईला पहाटे बोलावणं यायचं, तिला आता फक्त जेवायला बोलावणं यायला लागलं. फरक बारीक होता, पण बायकांना बारीक फरक फार लवकर दिसतो. या वर्षीचा पंजा मंजुळाबाईंचा असं ठरूनही गेलं.

सुभद्राबाई वर्षभर हसत होत्या. "बरं झालं, माझे खांदे दुखायचेच." पण त्रिंबकनं दोनदा पाहिलं, चुलीपुढं बसून त्या आपला उजवा तळवा उलटा-सुलटा करून बघत होत्या. हरवलेली वस्तू कपाटात पुन्हा-पुन्हा शोधावी तसं. त्याला समजूत काढता येत नव्हती. त्याला फक्त मोजता येत होतं.

आणि मोजण्यासारखं काहीतरी इथं आहे, हे त्याला रामप्रसाद सरांमुळं ठाऊक होतं. सर पदार्थविज्ञानाचे. घर लातूरला, नोकरी केजला, बायको लातूरला, भूक केजला. म्हणून मधल्या सुट्टीत ते प्रयोगशाळेतल्याच बर्नरवर बीकरमध्ये बटाटे उकडायचे. प्राचार्यांना वास यायचा, पण त्यांना वाटायचं काहीतरी प्रयोग चाललाय. बटाटे सोलायचं काम त्रिंबककडे. एकदा त्यानं विचारलं, "सर, बारका बटाटा कधीचा शिजला, आन मोठा मधी कच्चाच. पाणी तर दोघाला एकच हाय. असं कावून?"

सर इतके खूश झाले की बटाटा तसाच राहिला. तीस वर्षं वर्गात शिकवत होते, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"हे बघ त्रिंबक. पाण्याचा हात लागतो तो फक्त सालीला. आतल्याला ऊब पोचवायची ती एका थरानं दुसऱ्या थराला, हातोहात. तुझ्या शेताला पाट असतो ना, तसं. बटाटा दुप्पट जाड झाला की दोन गोष्टी होतात. वाट लांबली म्हणून ऊब दमते, निम्म्या चालीनं चालते. आणि वाटेत तहानलेले थरही दुप्पट, प्रत्येकाला आधी पाजल्याशिवाय पुढं जाता येत नाही. एकदा दुप्पट, आणखी एकदा दुप्पट. किती?"

"चौपट."

"चौपट. बटाटा असो, लोखंड असो, नाहीतर हे तुमचं दगडी कॉलेज असो. तापताना तेच आणि निवताना तेच."

त्या दिवसापासून त्रिंबक जगाकडे निराळ्या डोळ्यांनी बघायला लागला. घराचा स्लॅब संध्याकाळी किती वेळ ऊन ओकतो, तवा उतरल्यावर कितव्या भाकरीपर्यंत उपयोगी पडतो, सगळं. आणि रोडग्याचं ऐकलं तेव्हाच तो म्हणाला होता, "चूक हाताची न्हाई, वेळाची हाय." पण भांडी धुणाऱ्याचं कोण ऐकतो?

यंदा महाशिवरात्र झाली आणि त्रिंबकनं परसात एक खड्डा खणला. लग्नपत्रिका काढली, मागं रकाने आखले. पहिल्या दिवशी स्वतःच पीठ मळून तीन इंच रुंदीचा गोळा केला, पानात गुंडाळला, निखाऱ्यात पुरला. दर पाच मिनिटांनी सायकलच्या चाकाची एक तार मधोमध खुपसून बघायचा. चिकट निघाली की कच्चा, कोरडी निघाली की शिजला. अर्ध्या तासाला तार कोरडी निघाली. लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सहा इंची. राधाकिशनच्या गणितानं एक तास. एका तासाला तार चिकट. दीडला चिकट. दोन तासांना कोरडी. त्रिंबकनं पत्रिकेवर दोन लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

सुभद्राबाई ओसरीवरून हे सगळं बघत होत्या, न बघितल्यासारखं करून. फूटभर गोळ्याची पाळी आली तेव्हा त्रिंबक परातीत अकरा किलो पिठाशी झटत होता. शर्टाला पीठ, चष्म्याला पीठ, आणि परातीत अर्धं कोरडं, अर्धी कांजी.

"हे मळणं हाय का चिखल तुडवणं?"

"जमंल."

"जमतंय ते दिसतंय. सरका."

त्या बसल्या. बाह्या वर केल्या. अंगठ्यानं पिठात खड्डा केला, पाणी घातलं आणि एक वर्षानं तो हात पुन्हा सवयीच्या वाटेला लागला. गोळा झाल्यावर त्यांनी तळवा वर उचलला, क्षणभर तसाच धरला, आणि पंजा न उमटवताच खाली घेतला.

"गुंडाळा," त्या म्हणाल्या.

आठ तासांना तार कोरडी निघाली. अर्धा, दोन, आठ. त्रिंबक त्या आकड्यांकडे असा बघत बसला की जणू नातवाचं बारसं आहे.

पण खात्री एकदा करून भागत नाही म्हणे. तीन आठवडे हे चाललं. रोज रोडगे. गल्लीत रोडगे, भावकीत रोडगे, ऊस तोडून परत आलेल्या टोळ्यांना टोपलीभर रोडगे. शेवटी गल्लीतली कुत्रीसुद्धा त्रिंबक दिसला की तोंड फिरवून दुसऱ्या बाजूनं जायला लागली. "आमी काय त्या म्हशी हाव का?" सुभद्राबाई विचारायच्या, आणि दुसऱ्या दिवसाचं पीठ चाळून ठेवायच्या.

याच काळात एकदा मंजुळाबाई ताक मागायला आल्या. सभापतींच्या घरी आठ म्हशी, आणि ताक मागायला काचभांड्यांकडे. गल्लीनं कान टवकारले. मंजुळाबाईंनी फूटभर रोडगा फोडताना पाहिला, दोन फोडी खाल्ल्या, तिसरी पदरात घेतली, मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "सुभद्राबाई, खरं सांगू का? मला झोप न्हाई. नव्वद किलोवर माझा पंजा, आन तो कच्चा निघाला तर? तुमचं नाव तरी पाठीशी बावीस वर्षं होतं. माझं काय हाय?"

"ह्यांना इचारा," सुभद्राबाई म्हणाल्या. "मला त्यातलं कळत न्हाई."

कळत नव्हतं म्हणे. जाताना ताकाचं भांडं तसंच राहिलं, रिकामं.

पाडव्याला देवळात बैठक बसली. राधाकिशन यंदा तयारीनं आला होता. "औंदा चूक न्हाई. पीठ किती? अकराचं नव्वद, म्हंजी आठपट. तर वेळ आठपट. चौसष्ट तास."

"चौसष्ट तासानं रोडगा काढणार का रस्त्याचं डांबर?" मागून कुणीतरी म्हणालं.

त्रिंबक उठला. "बत्तीस."

"का हो काचभांडे," राधाकिशन म्हणाला, "सोळा आन चौसष्टच्या मधला सौदा केला व्हय?"

हशा झाला. त्रिंबकनं पत्रिका काढली आणि सगळं वाचून दाखवलं. तीन इंच अर्धा तास, सहा इंच दोन, फूटभर आठ, तर दोन फुटाला बत्तीस. पाटाच्या पाण्याची गोष्टही सांगितली. माणसं गप्प झाली, पण पटून नव्हे. ज्यानं तीन आठवडे टोपलीभर रोडगे खाऊ घातलेत त्याला एकदम वेडा कसं म्हणावं, या अडचणीनं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मंजुळाबाईंचा आवाज आला. "बत्तीस तास ठेवा, न्हाईतर ठेवू नका. आन पंजा मी ठेवणार न्हाई. माझा हात मुरगळलाय."

विठ्ठलरावांनी वळून पाहिलं. सकाळी याच हातानं तिनं त्यांच्यापुढं गुढीच्या कळशीसकट बांबू उभा केला होता. पण हे चारचौघांत बोलायचं नसतं, हे कळण्याइतके ते माजी झाले होते.

"मग पंजा कुणाचा?"

"हिचा," त्रिंबक म्हणाला. "वेळ माझा, पंजा हिचा. कच्चा निघाला तर पुन्हा आमच्या घरचा हात देवाच्या पिठाला लागणार न्हाई."

घरी आल्यावर सुभद्राबाई बराच वेळ गप्प होत्या. त्या गप्प बसल्या की त्रिंबकला घड्याळाची टिकटिक ऐकू यायची आणि ती त्याला आवडत नसे.

"माझ्या हाताचा सौदा केला," त्या शेवटी म्हणाल्या, "मला इचारलं का?"

"न्हाई."

"तुमच्या त्या सराचं गणित चुकलं तर?"

"बटाट्याला चुकलं न्हाई."

"मी बटाटा न्हाई," त्या म्हणाल्या, आणि चुलीकडे तोंड करून बसल्या.

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी आठला नव्वद किलोचा गोळा तयार झाला. सुभद्राबाईंनी पंजा ठेवला. हलकासा नाही, कोपरापासून जोर देऊन, बोटं फाकून, असा की आंधळ्यालाही चाचपून कळावा. मग पानं, मांजरपाट, आणि खड्डा.

त्रिंबकची एकच अट होती. जाळ नको, निखारा हवा. जाळानं वरचं जळतं आणि आतल्याला पत्ता लागत नाही. तासाला एक टोपलं गवऱ्या, वरून राख, कमी नाही, जास्त नाही. हे राधाकिशनला सांगायचं म्हणजे मोठं धाडस.

"मला शिकवतो व्हय बे? माझ्या आज्यानं ह्या खड्ड्याला आग लावली."

"आग तुमचीच हाय, भाऊ. मी फक्त घड्याळ बघतो."

राधाकिशन दिवसभर फुगून होता. संध्याकाळपर्यंत त्यानं त्रिंबककडं तंबाखू मागितली, आणि दिवस मावळल्यावर तर तो स्वतःच विचारायला लागला, "काचभांडे, झाला का तास?" दुसऱ्या दिवशी सकाळी जन्मोत्सव झाला, गुलाल उडाला. चोवीस तास झाले. पंचवीस. रोडगा दुपारी चारला निघणार, आणि चारलाच पक्षाचे मोठे साहेब येणार. विठ्ठलरावांनी बीडपर्यंत फोन करून त्यांना बोलावलं होतं. साहेबांची वेळ चारची म्हणजे ते साडेसहाला येतात, हा जिल्ह्याचा अनुभव. त्रिंबकच्या पत्रिकेवर कडेला तेही लिहिलेलं होतं: हाताशी अडीच तास जास्तीचे.

बरोबर बाराला विठ्ठलराव फोन कानाला धरून पळत आले. साहेब केजला पोचले होते. संध्याकाळी अंबाजोगाईला लग्न, म्हणून हा कार्यक्रम आधी उरकायचा. अर्ध्या तासात गावात. सगळं गणित मांडताना पुढारी वेळेच्या आधी येईल, ही शक्यता मात्र कुणीच धरली नव्हती. तापणाऱ्या वस्तू नियम पाळतात, पुढाऱ्याचं काय करणार?

"काढा," विठ्ठलराव म्हणाले.

"अठ्ठावीस तास झालेत, आण्णा. चार ऱ्हायले."

"साहेबांना काय सांगू, गोळा कच्चा हाय, बसा?"

त्रिंबकनं सुभद्राबाईंकडं पाहिलं. त्या देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या, उजवा हात पदराखाली. गेल्या वर्षीचा गाभा अजून पदरात बांधलेला असावा तशा.

राधाकिशन पुढं झाला. "आण्णा, साहेबाला जेवू घाला आधी. माझ्या खड्ड्याला दोन वाजेपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई." हे तो कुणाच्या बाजूनं बोलला हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही.

मंजुळाबाईंनी साहेबांना वाड्यावर जेवायला बसवलं आणि आपल्या त्याच मुरगळलेल्या हातानं असा आग्रह केला की साहेबांना पाचव्या पोळीला हात जोडावे लागले. दोन वाजले. तीस तास. आता मात्र इलाज नव्हता, साहेब घड्याळ बघायला लागले होते.

तोवर त्रिंबक काहीतरी आकडेमोड करून उठला होता. "काढा," तो म्हणाला, "पण फोडायचा न्हाई. गोधड्या आणा. जितक्या असतील तितक्या, आन एक घोंगडी."

"कशाला?"

"वरचा थर आतल्यापेक्षा लई तापलाय. ती ऊब अजून आतच चालली हाय, खड्ड्यातून काढला म्हणून ती थांबत न्हाई. फक्त ती बाहेर पळू नाही एवढं बघायचं. मला दोन तास पाहिजेत."

"दोन तास साहेबाला काय करू?"

त्रिंबकनं आयुष्यात पहिल्यांदा राजकारण केलं. तो विठ्ठलरावांच्या कानाशी गेला. "आण्णा, भाषण करा. तुमच्या काळात झालेली सगळी कामं सांगा. पहिल्या बोअरपासून."

विठ्ठलरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांत त्यांना कुणी भाषण लांबवायला सांगितलं नव्हतं.

रोडगा सात गोधड्यांत गुंडाळून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून व्यासपीठावर आणला. साहेबांना वाटलं काही देवाचंच असणार. त्यांनी गोधडीला हार घातला, नमस्कार केला. मग सत्कार. एक्केचाळीस जणांनी साहेबांना शाल घातली. शाली सातच होत्या. घातलेली काढून मागच्या बाजूनं पुन्हा पुढं येत होती. चौदाव्या वेळी तीच हिरवी शाल ओळखून साहेब हसले, पण बसले. मग विठ्ठलराव उठले. पहिला बोअर कुठं घेतला, पाणी किती फुटांवर लागलं, कुठं लागलं नाही, का लागलं नाही. समाजमंदिराचे पत्रे. शाळेची भिंत. भिंतीचा रंग. माणसं जांभया देत होती, बायका लसूण सोलत होत्या, आणि व्यासपीठाच्या कोपऱ्यात त्रिंबक मनगट उलटं करून बसला होता. ते भाषण जिल्ह्यात एकट्यानं मन लावून ऐकलं असेल तर त्यानंच.

चारला दहा कमी असताना त्यानं मान हलवली. विठ्ठलराव एका वाक्याच्या मधेच थांबले.

गोधड्या सोडल्या. घोंगडी, मांजरपाट, करपलेली पानं. तपकिरी कवचावर पंजा उमटलेला होता, पाचही बोटं, आधी होता त्यापेक्षा मोठा. रोडग्याबरोबर तोही फुगला होता. त्रिंबकनं तार काढली, पण राधाकिशननं ती त्याच्या हातातून घेतली आणि पार मधोमध घातली. बाहेर काढून अंगठ्यानं पुसली. "कोरडी," तो म्हणाला.

कोयता बसला. चार बोटं आत गेला, आणि गेल्या वर्षी जिथं पांढरा चिकट चिखल लागला होता तिथून वाफेचा लोट आला. आणखी आत. वर बदामी, मग साईच्या रंगाचा, भुसभुशीत, गाभ्यापर्यंत. वास असा की पंगतीतली माणसं न सांगता सरळ बसली. पुजाऱ्यानं गाभा काढला आणि सुभद्राबाईंच्या उजव्या हातावर ठेवला.

चारशे माणसं होती, शिवाय साहेब. सुभद्राबाईंनी गाभा बघितला. दोन बोटांनी दाबला. तोंडात घातला. चावायला लागल्या. त्या चावतच राहिल्या. त्रिंबकनं नको-नको म्हणत घड्याळ पाहिलं. चाळीस सेकंद झाले. मग त्यांनी गिळलं, पदरानं ओठ टिपले आणि पुजाऱ्याकडं बघितलं.

"वाटा," त्या म्हणाल्या.

मग जे व्हायचं ते झालं. वरण, तूप, ताटं, आरडाओरडा. राधाकिशन प्रत्येक पंगतीत जाऊन सांगत होता, "मी म्हनलोच होतो, आगीत खोट न्हाई, आन हाताची तर गोष्टच येगळी." गेल्या वर्षी तो काय म्हणाला होता हे कुणी काढलं नाही; तोंडं भरलेली होती. मंजुळाबाईंनी माईकपाशी जाऊन स्पष्ट सांगितलं की आमच्या नातीच्या लग्नात पुरणाला हात सुभद्राबाईंचाच लागेल. नातीचं लग्न अजून ठरलं नव्हतं. साहेब दोन फोडी खाऊन, तिसरी गाडीत घेऊन, अंबाजोगाईच्या लग्नाला सव्वा तास उशिरा पोचले, आणि जिल्ह्याचा कारभार पुन्हा सुरळीत झाला.

संध्याकाळी त्रिंबकनं चहा केला, दोन कपांत ओतला, आणि एक सुभद्राबाईंपुढं ठेवला. त्या ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. तळव्याला अजून तूप लागलेलं होतं.

"एक इचारू?"

"इचारा की."

"गाभा कसा होता?"

सुभद्राबाई रस्त्याकडं बघत होत्या. समोरून जाणारी एक बाई थांबून म्हणाली, "काकू, उद्या जरा येता का, कुरडयाचं पीठ बिघडलंय," आणि त्या म्हणाल्या, येते. ती गेल्यावर त्यांनी त्याच्याकडं मान वळवली.

"लिंबाएवढा दमट होता."

त्रिंबकचा कप हातातच राहिला. "मग सांगितलं न्हाई कावून?"

"कुणाला सांगू? चारशे लोकाला? लिंबाएवढा तर होता, तारंलाबी चुकला. मावला तोंडात." त्यांनी तळव्याचं तूप पदराला पुसलं. "शिजला होता म्हणा. पण आणखी जरा राहिला असता तर बरं झालं असतं. पुढच्या साली गोधड्या नकोत, आन अर्धा तास वाढवा. लिहून ठेवा, इसराल."

पुढच्या साली, असं त्या म्हणाल्या. त्रिंबकनं लग्नपत्रिका काढली, खिशाचं पेन काढलं, आणि सगळ्यात खाली लिहिलं: ३२॥. मग शेजारी काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसताच बसून राहिला. चहा पार निवून गेला होता. किती मिनिटांत, ते त्यानं बघितलं नव्हतं.